धुळघाटचा वेढा, माडीवरच्या खोलीत

बुऱ्हाणपुरास पाहुणा गेला की त्याला काय काय दाखवावयाचे हे ठरलेले असते. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, शाही किल्ल्यातले हमाम, तापीपलीकडचा आहुखाना, जमिनीच्या पोटातून पाणी आणणारा कुंडी भंडारा, आणि परतताना मावाजिलबी. आमच्या मामांच्या घरी मात्र हा क्रम चालत नाही. तेथे पाहुण्याचा चहा निवून जातो, मामी खालून दोनदा हाका मारतात, आणि पाहुणा माडीवरच्या खोलीत एका फळीपुढे वाकून उभा असतो.

खोली १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद. एके काळी तीत धान्याच्या कणग्या असत. आता तीन भिंतींना धरून छातीइतक्या उंचीवर प्लायवुडची फळी बसविली आहे, आणि त्या फळीवर सातपुडा आहे. डोंगराचा उतार, करपलेले गवत, साग, काळ्या दगडाची खडी, तिच्यावर बोटभर रुंदीचे रूळ, आणि कोपऱ्यात ते रूळ स्वतःभोवतीच एक वेढा घेऊन, स्वतःच्याच डोक्यावरून पुलाने पलीकडे जातात. अकोला–खांडवा या छोट्या लाइनीवरचा हा धुळघाटचा वेढा. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. ज्यांनी केला नाही त्यांना आता तो करता यावयाचा नाही.

ही लाइन स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात पुरी झाली. उत्तरेतले मीटरगेजचे जाळे आणि दक्षिणेतले जाळे यांना सांधणारा तो दुवा होता. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावे. राजस्थानी फेटा आणि हैदराबादी पानाचा डबा एका बाकावर बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. आकोट सोडले की सपाटी संपे, वान रोडनंतर डोंगर अंगावर येई. इतक्या थोड्या जागेत गाडीला सरळ वर चढविणे शक्य नव्हते, म्हणून इंजिनिअरांनी तिला फिरवून वर घेतले. पुढे डाबका, मग बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले तुकईथड, आणि शेवटी खांडवा. २०१७ च्या आरंभी ही वाहतूक थांबली. रुंदीकरण करावयाचे होते, आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून मोठी लाइन न्यावी की नेऊ नये यावर बरीच वर्षे वाद झाला. अखेर नवा मार्ग जंगलाच्या बाहेरून नेण्याचे ठरले. वाघांची बाजू खोटी नव्हती. मामाही तसे म्हणत नाहीत. “वाघाला जागा पाहिजेच, अरे. मला कुठे एवढी लागते? बारा बाय नऊ.”

इंदूरकरांना मीटरगेजचे प्रेम समजावून देण्याची गरज नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली सरकारला १ कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले तेव्हा कोठे खांडव्याहून इंदुराकडे रूळ आले. पाताळपाणीचा घाट आपल्या पिढ्यानपिढ्यांनी खिडकीतून पाहिला. तेथे निदान २०१८ च्या डिसेंबरात पर्यटकांसाठी खास गाडी सुरू झाली. धुळघाटच्या नशिबी तेवढेही आले नाही.

मामा चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीला आता सोळा वर्षे होतील, वय ७४. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, दुसऱ्याचे “फलाट पुरा होऊ दे” म्हणून दोनदा पुढे ढकलले आहे. या नादाचे मूळ पुण्यात आहे. कर्वे रस्त्याच्या बाजूला कोथरुडात जोशी यांचे लघु रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी या हौशी गृहस्थांनी आयुष्यभर जमविलेल्या आणि स्वतःच्या हाताने घडविलेल्या गाड्यांचे ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एक अख्खे लहानगे शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, दिव्यांची उघडझाप, सगळे एका खोलीत. मामा तेथे नातवाला घेऊन गेले होते. नातू अर्ध्या तासात कंटाळला. मामा दुसऱ्या दिवशी एकटेच पुन्हा गेले.

“शहर सुंदर होते,” ते सांगतात, “पण ते आपले नव्हते. मला वाटले, ह्या माणसाने एवढे केले, तर आपल्याला आपले एक स्टेशन का जमू नये?”

आपल्या संस्थानी मुलखात रेल्वेच्या खेळण्याची आठवण निघाली की ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी सर्वांना आठवते. मेजवानीच्या टेबलावरच्या रुळांवरून ती मद्याची आणि सिगारांची पात्रे घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. पात्र उचलले की थांबे, परत ठेवले की चालू लागे. ती बघावयास जरूर जावे. पण ते खेळणे आहे, आणि मामा करतात ते खेळणे नव्हे. चांदीची गाडी कोठलीच नाही, कोणत्याही टेबलावर शोभेल. प्रतिकृतीचे मोठेपण ती कोठली आहे यात असते.

याचे उत्तम उदाहरण इंग्लंडात आहे. लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन नावाचे एक संग्रहालय आहे. ते ज्याने उभे केले त्याचे आडनाव इंग्लंड आणि माणूस मात्र ऑस्ट्रेलियाचा. रॉय इंग्लंड १९२५ साली तेथे आला. त्या भागातली गवताने शाकारलेली जुनी घरे पाहून तो मोहून गेला, आणि पाहता पाहता ती घरे पाडली जात आहेत, त्यांची छपरे बदलली जात आहेत, हेही त्याच्या ध्यानात आले. ती थांबविणे त्याच्या हातात नव्हते. म्हणून त्याने एकेका घराची मापे घेतली आणि ७६ पट लहान करून ती बांधावयास घेतली. १९५४ पासून ते काम संग्रहालयाच्या रूपाने चालू झाले, आणि त्याच्या पश्चात इतर हौशी मंडळींनी पुढे नेले. हॅम्बुर्गचे मिनिआतुर वुंडरलांट हे २००१ साली उघडलेले भव्य प्रदर्शन जगप्रसिद्ध आहे. पण मला विचाराल तर मी आधी पेंडनचे तिकीट काढीन.

आता थोडे हिशेबाचे बोलले पाहिजे, कारण या विद्येत सगळी गंमत हिशेबातच आहे.

जगभर सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एचओ’ नावाचे. त्यात प्रत्येक वस्तू ८७ पट लहान. पाच फूट सात इंचांचा माणूस दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, कारण युरोप-अमेरिकेतली खरी लाइन १४३५ मिलिमीटरांची आहे. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटरांची. तिला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येतात. म्हणजे परदेशी रुळांवर आपले इंजिन चढविले की ते अंग चोरून उभे राहिल्यासारखे दिसते. भारतातल्या बहुतेक हौशी लोकांनी ही तडजोड मुकाट्याने पत्करली आहे. मामांनीही प्रथम बुऱ्हाणपूरचेच, लालबागचे स्टेशन करावयास घेतले होते. दोन महिन्यांनी सोडून दिले. “पावणेतीन मिलिमीटरची लबाडी रोज सकाळी डोळ्यांत खुपायची.”

छोट्या लाइनीने ही अडचण आपोआप सुटली. १००० मिलिमीटरांना ८७ ने भागले की साडेअकरा; आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्या मीटरगेजच असल्यामुळे त्यांच्या प्रतिकृतींसाठी १२ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. जर्मनीत नोकरीला असलेली मुलगी दर खेपेला कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून ते आणते. अर्ध्या मिलिमीटरच्या लबाडीला मामांची सही आहे.

रूळ परदेशचे, बाकी सारे बुऱ्हाणपूरचे. खडी म्हणजे गिट्टीच्या खाणीवरची चुरी, तीन चाळण्यांतून चाळलेली. ती रुळांमध्ये ब्रशाने बसवावयाची, मग पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ते मिश्रण ड्रॉपरने सोडावयाचे. साबणाचा थेंब विसरला तर पाणी खडीवर मोत्यासारखे गोळा होते आणि खडी वाहून जाते. डोंगर थर्माकोलचा, वर प्लास्टर. माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा आणि खरीच माती, गाळून. रुळांची बाजू गंजाच्या रंगाने रंगविलेली, फक्त माथा चकचकीत. इंजिन वायडीएम-४ जातीचे, जे या मार्गावर शेवटपर्यंत चालले. त्याचे अंग मामांनी प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून केले आणि आत परदेशी चाके व मोटर बसविली. डबे पुठ्ठ्याचे, प्रत्येकी वीतभर, निळ्या रंगाचे. आधी गेरूच्या लाल रंगाचे केले होते, कारण मामांच्या तरुणपणी ते तसे होते. पण लाल डब्यांपुढे अखेरच्या दिवसांतले इंजिन शोभेना. डबे पुन्हा रंगले. एकाच फळीवर दोन काळ नांदत नाहीत.

माणसांची गोष्ट निराळी. तयार बाहुल्या मिळतात त्या हॅट घातलेल्या, कोटातल्या. कोटवाल्याची हॅट नखाने खरवडून तेथे टिश्यू कागदाच्या दोऱ्याचा फेटा बांधावा लागतो. स्कर्टवाल्या बाईला त्याच कागदाची साडी, पदरासकट. डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन कोरकू बाया आहेत. मोळीच्या काड्या म्हणजे दात घासण्याच्या जुन्या ब्रशाचे केस.

झाडांवरून मात्र घरात चांगलेच भांडण झाले. मामांनी पहिल्यांदा ४० साग केले. विजेच्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड, तिचे टोक उकलून फांद्या, आणि त्यावर हिरव्या रंगवलेल्या भुशाचा पाला. काम देखणे झाले होते. मामींनी जिन्यातूनच पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, ही बाग कुठली?”

मामींचे माहेर आकोट. धुळघाट हा त्यांच्या माहेरच्या वाटेवरचा. बहुतेक वेळा त्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे चैत्र-वैशाखात जात. त्या दिवसांत मेळघाटचा साग निष्पर्ण असतो. जंगलातून पार पलीकडचा डोंगर दिसतो, खाली तांबूस करड्या पाचोळ्याचा थर असतो आणि मध्येच एखादे हिरवे झाड असले तर ते नाल्याकाठी. मामांचे म्हणणे असे की पावसाळ्यातला घाट जास्त सुंदर. मामींचे म्हणणे असे की पावसाळ्यातल्या घाटातून त्या कधी गेल्याच नाहीत. तीन दिवस घरात कामापुरते बोलणे होते. चौथ्या दिवशी मामांनी चिमट्याने पाला उपटावयास सुरुवात केली. आता ३४ साग उघडे आहेत, सहा हिरवे आहेत, आणि ते सहाही नाल्याकाठी आहेत. पाचोळा खरा आहे. अंगणातली पाने वाळवून मामींनी स्वतः मिक्सरमधून काढून दिली.

पण मामींचा या कामातला खरा वाटा याहून मोठा आहे.

स्टेशनाची इमारत करावयाची तर मापे हवीत. मामांपाशी धुळघाट स्टेशनाचा एकच फोटो होता. १९७७ चा, कृष्णधवल, एका कोपऱ्याला बुरशी लागलेला. लग्न होऊन वर्ष झाले होते, गाडी फलाटावर थांबली होती, कोणा सहप्रवाशाच्या कॅमेऱ्यात काढलेला. फलाटावर, इमारतीच्या भिंतीला अगदी लगटून, नव्या नवरीच्या अवघडलेपणाने मामी उभ्या आहेत. फोटोवरून माप काढण्याची युक्ती जुनी आहे. ज्याची उंची माहीत आहे अशी एक वस्तू चित्रात सापडली की बाकीच्या वस्तू तिच्या पटीत मोजावयाच्या. कोणी दाराचे माप धरतो, कोणी विटांचे थर मोजतो. मामांनी मामी धरल्या. उंची ५ फूट १ इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर. ८७ ने भागता पावणेअठरा मिलिमीटर. दार किती मामी उंच, खिडकी किती मामी रुंद, छपराची पन्हळ कितव्या मामीवर, असा सारा नकाशा वहीत उतरला. वही मी पाहिली आहे. तीत खरोखर ‘मा.’ असे एकक लिहिले आहे: ‘दार १.४ मा.’

चार महिन्यांत इमारत उभी राहिली. लांबी १६ सेंटिमीटर. दारांना चौकटी, खिडक्यांना गज, आत तिकिटाच्या खिडकीमागे दिवा. फलाटावर पिवळी पाटी, काळी अक्षरे. ती फळीवर चिकटविली त्या संध्याकाळी मामांनी मामींना वर बोलावले आणि शेजारी तो फोटो ठेवला. मामींनी बराच वेळ फोटोच पाहिला. मग म्हणाल्या, “ह्या त्या चपला. आईने अकोल्याहून आणल्या होत्या. टाचेच्या. त्या दिवशी पाय इतके दुखले होते!”

मामांनी विचारले, टाच किती होती? मामींनी दोन बोटे आडवी धरून दाखविली. दोन बोटे म्हणजे निदान साडेतीन-चार सेंटिमीटर. साडी टाचेवर आल्यामुळे फोटोत चपला दिसतच नव्हत्या. म्हणजे फोटोतल्या मामी १५५ नव्हे, १५९; आणि सगळे स्टेशन, दारे-खिडक्या-छपरासकट, अडीच टक्के लहान बांधले गेले होते. १६ सेंटिमीटरांत फरक पडतो ४ मिलिमीटरांचा.

मी मामांना फोनवर म्हणालो, “मामा, चार मिलिमीटर कोणाला दिसणार आहेत?” त्यांनी उत्तर दिले नाही. माझ्या शिष्याचा षड्ज एक श्रुती खाली लागला, तर तो कोणाला ऐकू येणार आहे म्हणून मी सोडून देतो का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीच नंतर स्वतःला विचारला. पंधरा दिवसांनी कळले की इमारत उतरविली आहे आणि नवी बांधावयास घेतली आहे. जुनी मामींनी देवघराच्या फडताळावर ठेवली. तीत हल्ली निरांजनाच्या वाती असतात.

वेढ्याच्या बाबतीत मात्र इतके काटेकोर राहणे कोणालाच शक्य नसते. समजा खरे वळण दीडशे मीटर त्रिज्येचे धरले, तरी ८७ ने भागून ती पावणेदोन मीटर होते. म्हणजे नुसता वेढाच साडेतीन मीटर रुंद. १२ फुटांच्या खोलीत तो बसवला तर माणसाला उभे राहावयास जागा उरत नाही. म्हणून जगातला प्रत्येक हौशी वळणाच्या बाबतीत खोटे बोलतो. मामांनी त्रिज्या ६० सेंटिमीटर धरली. एका फेऱ्याची लांबी होते ३७७ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरात गाडी स्वतःच्या डोक्यावरून जाण्याइतकी वर गेली पाहिजे. रुळांपासून रुळांपर्यंत ९ सेंटिमीटर. म्हणजे साधारण ४२ सेंटिमीटरांमागे एक सेंटिमीटर चढ. याहून तीव्र केला तर हलके इंजिन जागीच चाके फिरवीत राहते. सौम्य केला तर पूल जमत नाही, डब्यांची छपरे अडकतात. उतार मोजण्याची विद्या बुऱ्हाणपुराला तशी नवी नाही. खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून केवळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणले, ते याच गावात. मामांनी पाण्याची नळी घेऊन, तिच्या दोन टोकांची पातळी पाहून चढ साधला. स्पिरिट लेव्हल घरात होती. तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

आणखी एक बारकावा. गाडी एखाद्या फुग्याच्या आकाराच्या फेऱ्यातून त्याच रुळावर उलट परतली तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि बारा व्होल्टचा प्रवाह ठिणगी देऊन बंद पडतो. वेढ्यात तसे होत नाही. गाडी पुढेच जाते, फक्त वर जाते.

आता माझ्या वाट्याला आलेले काम. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा गाडी प्रथमच वेढा चढणार होती. मामांनी बटण फिरविले आणि गाडी सरसर वर गेली. मामी टाळ्या वाजवून गप्प झाल्या. काही तरी बिनसले होते, आणि काय ते कोणालाच सांगता येईना. मी घड्याळ लावले. ३७७ सेंटिमीटरांचा फेरा १२ सेकंदांत. ८७ ने गुणून पाहिले तर ताशी ९८ किलोमीटर! ज्या घाटात लोक चालत्या गाडीतून उतरून सीताफळे तोडून पुन्हा चढत असे गमतीने म्हणत, तेथे मेल गाडीचा वेग.

येथे मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मामांना सांगताना माझ्या धंद्याचा थोडा अभिमान वाटला हे कबूल करतो. लांबी लहान करता येते, रुंदी, उंची लहान करता येते, काळ लहान करता येत नाही. माणसाचा एक सेकंद फळीवरही एक सेकंदच असतो. म्हणून लहान गाडीचा वेग डोळ्याने ठरवू नये, तो मात्रेने ठरवावा. छोट्या लाइनीचा एक रूळ १२ मीटरांचा असे. घाटात ताशी ३० किलोमीटर धरले तर एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत साधारण १.४४ सेकंद, मिनिटाला ४२ सांधे. माझ्या पिशवीत मात्रा मोजण्याचे यंत्र होते. ते ४२ वर लावले. मामांनी फळीच्या कडेने खडूने पावणेचौदा सेंटिमीटरांवर खुणा केल्या, कारण १२ मीटरांना ८७ ने भागले की तेवढेच उरतात. मग बटण इतके हळू फिरविले की दर टोल्याला इंजिनाचे नाक एका खुणेवर यावे.

चाळीस सेकंद लागले एका फेऱ्याला. आमचे वडील राजवाड्याच्या चाकरीतले गवई. विलंबितात दोन मात्रांमधली जागा भरावयास शिष्य घाबरला की ते तंबोरा खाली ठेवून नुसते बसून राहत. त्या चाळीस सेकंदांत मला ते आठवले. इंजिन कण्हत, एकेका सांध्यावर पाऊल टेकीत वर निघाले. दुसऱ्या डब्याने वळण घेतले तेव्हा पहिला पुलाजवळ आला. मामी खाली वाकल्या, डोळे फळीच्या पातळीत आणले आणि म्हणाल्या, “आता डाव्या खिडकीतून खालचे रूळ दिसायला पाहिजेत. आपण आत्ताच जिथून आलो ते.” मामा त्यांच्या शेजारी वाकले. दिसत होते.

त्या रात्री मामांनी रुळांच्या माथ्यावर पात्याने बारीक खाचा केल्या, त्याच पावणेचौदा सेंटिमीटरांवर. आता चाके खाचेवरून जाताना टक् टक् असा जोडआवाज येतो. आवाज फार बारीक, तारसप्तकातला आहे. त्याला इलाज नाही. पण लय खरी आहे.

काम अजून संपलेले नाही. वान नदीवरचा पूल व्हावयाचा आहे, सिग्नलांचे खांब आहेत पण तारा नाहीत. दुसऱ्या मोतीबिंदूची तारीख मामींनी परस्पर ठरवून टाकली आहे, संक्रांतीनंतरची. आणि स्टेशनाच्या नव्या इमारतीला मागची भिंत नाही. फळी भिंतीला लागून असल्यामुळे मागची बाजू कोणाला दिसणार नाही. पण मामांना ती कोरी ठेवावयाची नाही. अडचण अशी की फोटो काढणारा प्रत्येक जण फलाटाच्या बाजूनेच काढतो. इमारतीच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी, जुन्या ट्रंकेत किंवा अल्बमात, सहलीचा, बदलीचा, लग्नाच्या वऱ्हाडाचा असा एखादा फोटो असेल की ज्यात धुळघाट स्टेशन मागून दिसते आहे, तर त्यांनी तो या पानाच्या संपादकांकडे पाठवावा. प्रत काढून मूळ फोटो सुरक्षित परत केला जाईल. फोटोत एखादे माणूस उभे असले तर फारच उत्तम. फक्त पायांत काय होते तेवढे आठवून कळवावे.